आवाज कुठे अडतो, ते ऐकणारे ढोके सर

प्रा. यशवंत ढोके सरांशी माझी पहिली ओळख वादातून झाली. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये हे मला कळते. पण हा लेख सरांना वाचून दाखवला जाणार आहे आणि त्यांना गुळगुळीत केलेले काही चालत नाही, त्यामुळे इलाज नाही.

मी तेव्हा यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. कळंबहून रोज एसटीने येत असे. प्रयोगशाळेत आम्हाला एक साधा प्रोग्राम लिहायला दिला होता: विद्यार्थ्यांची नावे अकारविल्हे लावायची. माझा प्रोग्राम चालत होता, पण तो सुरू करून कॅन्टीनला जाऊन यावे इतका वेळ घेत होता. सर टेबलांमधून फिरत माझ्याजवळ आले, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "सर, हा कॉम्प्युटर स्लो आहे. मला दुसरा द्या."

"कोणी सांगितलं?"

"मला वाटतंय तसं."

"बरं. मग माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालवून बघ."

तिथेही तो तेवढाच रेंगाळला. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हणाले, "सर, नावंच इतकी आहेत, वेळ लागणारच." सर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, तिच्यापुढे माझ्या प्रोग्रामचे नाव दिले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. प्रोग्राम संपला, तशी पडद्यावर एक सारणी उमटली. एका बाजूला माझ्या प्रोग्रामचे भाग आणि दुसऱ्या बाजूला कोणत्या भागात किती वेळ गेला ते. जवळजवळ सगळा वेळ एकाच ठिकाणी गेला होता. दोन नावांची तुलना करण्याआधी मी दर वेळी सगळ्याच नावांची नव्याने नक्कल करत होते. मला राग आला, कारण हे सगळ्या वर्गासमोर झाले होते. सर मात्र हळू आवाजात म्हणाले, "कॉम्प्युटरवर विनाकारण आळ घेतलास, वैशाली. आता तेवढं एक दुरुस्त कर."

या ग्रंथाचे सगळे वाचक संगणकाच्या क्षेत्रातले नाहीत, म्हणून थोडे सांगते. सरांनी चालवले त्या साधनाला प्रोफायलर म्हणतात. दिसायला त्यात काही नसते, ना चित्र ना बटणे. प्रोग्राम चालू असताना हे साधन त्याला पुन्हा पुन्हा हटकते, 'आत्ता तू कुठे आहेस?' आणि 'तुला इथे कोणी पाठवले?' असे विचारत राहते. शेवटी ती उत्तरे ओळीने मांडून दाखवते. प्रोग्राम संथ का आहे याबद्दल माणसाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. म्हणून आधी विचारावे, मग हात लावावा, एवढेच सरांचे सांगणे असे. पण ते त्यांनी पुढे पंचवीसेक वर्षे, एकाही बॅचला सूट न देता, शिकवले.

सूट देत नसत म्हणून मुले त्यांच्यावर चिडतही असत. एका मुलाने अंतिम वर्षाच्या प्रकल्पात प्रोग्राम खरोखर वेगवान केला होता. आधी किती वेळ लागत होता, असे सरांनी विचारले. त्याने ते मोजलेच नव्हते. "मग वेगवान झाला हे कशावरून म्हणतोस?" असे विचारून सरांनी त्याला परत पाठवले. मी तोवर त्याच विभागात शिकवू लागले होते. पोरगा माझ्याकडे येऊन सरांच्या नावाने बोटे मोडत होता. मलाही त्या वेळी सर जरा जास्तच ताणतात असे वाटले होते, आणि अजूनही थोडे वाटते.

सरांचा जन्म बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावातला. आजोबांच्या पिढीत घराने बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्याबरोबर शिकण्याचा ध्यासही घरात आला. शाळा गावात, महाविद्यालय अमरावतीला, आणि मग नोकरीसाठी पुन्हा आपल्याच जिल्ह्यात. पुण्याहून बोलावणी आली होती. "तिकडं शिकवायला पुष्कळ लोक आहेत," एवढेच ते त्यावर म्हणत.

विद्यार्थ्यांवरही ते अंदाजाने शिक्का मारू देत नसत. आमच्या तिसऱ्या वर्षात विभागाच्या बैठकीत तक्रार आली की कळंब-बाभुळगावच्या मुली प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघून जातात, त्यांना गोडी नाही. नंतर सलग काही संध्याकाळी सर बसस्थानकावर जाऊन उभे राहिले. वेळापत्रकातली गाडी आणि प्रत्यक्ष सुटणारी गाडी यांत बरेच अंतर होते, आणि ती चुकली तर पुढच्या गाडीत मुलींना पाय ठेवायला जागा नसे. पुढच्या बैठकीत त्यांनी हे सांगितले आणि आमचे प्रात्यक्षिक सकाळी घेतले जाऊ लागले. आम्हा मुलींना यातले काही माहीत नव्हते. मी त्याच विभागात शिकवायला लागले तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने मला हे सांगितले.

मी रुजू झाले त्याच सुमारास सरांच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला. आधी कोणाच्या लक्षात आले नाही. दारातून जाताना त्यांचा खांदा चौकटीला लागे. जिन्यावर बाजूने कोणी आले तर ते दचकत. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडून आत आकसत आली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. औषधे झाली, शस्त्रक्रिया झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सरांना उजेड आहे की अंधार आहे, एवढेच कळू लागले.

त्या काळाबद्दल सर कधी बोलत नाहीत. सुमनताईंनी मला थोडे सांगितले आहे. ताई म्हणजे सरांच्या पत्नी, बाभुळगावच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "दोन-तीन महिने तं बोलतच नव्हते वं. रेडिओ लावला तं बंद कर म्हणत. जेवाले वाढलं तं ताट लोटून द्यायचे. मी रडाची, पण आवाज होऊ द्याची नाही, त्याइले ऐकू जाईन म्हणून. मंग एक दिवस मले इचारलं, सुमन, कॉलेजातला माह्या टेबलावरचा कॉम्प्युटर कोणी हालवला तं नाही ना? मी म्हटलं, नाही. तवा कुठं माह्या जिवात जीव आला. म्हटलं, आता हे जातीन."

आणि सर आले. तेव्हाचे प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी सुचवले की सरांनी ग्रंथालयात बसावे, पगार चालूच राहील, शिकवण्याची दगदग नको. सर म्हणाले, "मला एक सत्र द्या. पोरं शिकली नाहीत तर मी स्वतः येऊन सांगेन." त्या सत्रासाठी त्यांनी जी मेहनत घेतली ती मी जवळून पाहिली. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनी आत्मसात केला. ज्या कामांमध्ये रंग, खिडक्या आणि चित्रे होती ती त्यांच्या हातून सुटली. पण काळ्या पडद्यावरच्या ओळींचे जग शाबूत होते, कारण ओळ ऐकता येते. प्रोफायलरची सारणी तर ओळींचीच. सर ती ऐकत बसत, आणि एकदा ऐकलेली त्यांना पाठ होई.

त्या सत्रातल्या पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. यंत्राचा आवाज इंग्रजी नावे आपल्या चमत्कारिक उच्चारात वाचू लागला तेव्हा पोरे हसू लागली. सरांनी त्यांना हसू दिले. मग म्हणाले, "हसून झालं असेल तर या आवाजानं सगळ्यात जास्त वेळ कुठं सांगितला, ते सांगा." एकालाही सांगता आले नाही. सरांनी सांगितले, त्यामागचे कारण सांगितले, आणि तास पुढे सुरू झाला. सत्र संपल्यावर प्राचार्यांनी ग्रंथालयाचा विषय पुन्हा काढला नाही.

हे सगळे हिमतीने झाले, पण सोपे झाले नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. एकदा दुपारी मी प्रयोगशाळेत गेले तर सर एकटेच बसले होते. कीबोर्डवर हात होता, पण टाइप करत नव्हते. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "वैशाली, 'ळ' कसा दिसते ते मी विसरून राह्यलो." शिकवताना सर कधी वऱ्हाडीत बोलत नसत. मी त्यांचे बोट धरले आणि टेबलावर ळ काढला, दोन्ही वाटोळी वळणे नीट फिरवून. त्यांनी तो पुन्हा आपल्या बोटाने काढला. "हो, असाच," म्हणाले, आणि कामाला लागले. मी बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ उभी होते.

त्यांच्या न दिसण्याने आम्हा दिसणाऱ्यांचे शिकणे मात्र सुधारले. अलीकडे प्रोफायलरचे निष्कर्ष रंगीत चित्रातही दाखवता येतात. एका मुलीने असे सुंदर चित्र काढून प्रकल्प सादर केला. सर म्हणाले, "मला ते चित्र सांग." ती म्हणाली, "सर, खाली रुंद पट्टे आहेत, वर लाल शेंडे आहेत." "त्यातला सर्वांत रुंद पट्टा कोणाचा? त्याला बोलावलं कोणी?" चित्र तिने पाहिले होते, वाचले नव्हते. सरांनी तिला आपल्या शेजारी बसवले आणि दोघांनी मिळून एकेक ओळ वाचली. तेव्हापासून आमच्या विभागात प्रत्येक विद्यार्थी आपला निष्कर्ष सरांना तोंडी सांगतो. तोंडी सांगता आला नाही तर तो कळलेला नाही, असे आम्ही धरतो.

आता मी ज्या प्रसंगासाठी मुख्यतः हा लेख लिहिते आहे त्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी सरांनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दृष्टिहीन प्रौढांसाठी संध्याकाळचा संगणक वर्ग सुरू केला. त्यात वणीचे गजानन काकडे येऊ लागले. गजाननभाऊ कोळशाचे ट्रक चालवत. टायरमध्ये हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग उडाली आणि तोंडावर बसली. जीव वाचला, डोळे गेले. घरात बायको, दोन मुली. ते ज्या वाहतूक कंपनीत होते तिच्या मालकांनी सांगितले होते की कॉम्प्युटरवर मराठी-इंग्रजी टाइप करण्याची परीक्षा पास केली तर गाड्या रवाना करण्याच्या कार्यालयात घेऊ. परीक्षेची तारीखही ठरली होती. भाऊ यवतमाळला बहिणीकडे राहून वर्गाला येत. हातांत ताकद भरपूर, पण कीबोर्ड आयुष्यात प्रथमच हाती आलेला.

आठवड्याभरात ते हताश झाले. एके संध्याकाळी कीबोर्ड बाजूला सारून म्हणाले, "सर, मी उद्यापासून नाही येत जी. हे आपल्याच्यानं होत नाही."

"काय होत नाही?"

"हे बाई लय उशिरा बोलते. मी 'क' दाबतो, वाट पायतो, काहीच नाही. मले वाटते दाबलाच नाही, म्हणून पुन्हा दाबतो. मंग ते दोन्ही 'क' संगमंगच सांगते. गाडीचा ब्रेक असा उशिरा लागला तं मानूस मरते ना जी!"

भाऊ 'बाई' म्हणत होते ती आमच्या वाचक-प्रोग्रामची मराठी बोलणारी वाणी. सर स्वतः तोच आवाज रोज वापरत होते. पण त्यांनी टाइप करणे डोळस असताना शिकले होते. त्यांना अक्षरागणिक आवाज लागत नसे. ते पूर्ण ओळ टाइप करून मग ऐकत. अक्षराला होणारा उशीर त्यांना कधी जाणवलाच नव्हता. ते म्हणाले, "भाऊ, चार दिवस थांबा. आधी पाहू कुठं अडते."

विभागात आमच्यापैकी बहुतेकांचे मत होते की कॉम्प्युटर जुने झाले आहेत, नवे मागवावेत. परीक्षेआधी ते येणे शक्य नव्हते, ही गोष्ट वेगळी. सरांनी मला माझ्या नव्या लॅपटॉपवर तोच आवाज लावायला सांगितला. उशीर तिथेही होता. मग त्यांनी आपला अंदाज सांगितला: "आवाज तयार करणं हे सगळ्यात जड काम. वेळ तिथंच जात असणार." मलाही तसेच वाटले. गजाननभाऊंना टाइप करायला बसवून सरांनी त्या बोलणाऱ्या प्रोग्रामवर प्रोफायलर लावला. भाऊ सांगितल्याप्रमाणे क, ख, ग दाबत राहिले. मग सर निष्कर्ष ऐकायला बसले. ते ऐकायचे साधनही तेच होते. ज्या आवाजाची तपासणी चालली होती, तोच आवाज आपल्या दुखण्याचे कारण ओळीओळीने वाचत होता.

आवाज तयार करण्याचा भाग बराच खाली होता. "माझा अंदाज चुकला," सर सहज म्हणाले. सगळ्यात वर होते एक मोठी नियमावली वाचून ती क्रमाने लावण्याचे काम. हे काम सांगितले कोणी, ते सर एकेक पायरी वर जात ऐकू लागले. एका नावापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"वैशाली, हे माझं आहे."

दृष्टी शाबूत असताना, काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून, या वाणीचा मराठी उच्चारांचा भाग सरांनीच लिहिला होता. 'चाक'मधला च वेगळा आणि 'चंद्र'मधला वेगळा, शब्दाच्या शेवटी अ कुठे गळतो, असे सगळे नियम त्यात होते. मराठी वाणी आज नीट मराठी बोलते ती त्यामुळेच. पण काहीही बोलायचे झाले की तो भाग सगळे नियम पहिल्यापासून वाचून लावत असे. पूर्ण वाक्य बोलायचे असेल तर ते एकदाच होई, कोणाला कळत नसे. एकेक अक्षर दाबणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक अक्षरासाठी ते सगळे थांबून सोसावे लागे.

सर खुर्ची वळवून गजाननभाऊंकडे तोंड करून बसले. "भाऊ, तुमच्या वाटेत मीच उभा होतो."

"तुम्ही कायले उभे राहता जी? तुमाले मालूमच नव्हतं."

"मालूम करून घ्यायचं साधन माझ्याजवळ होतं. दुसऱ्यांना मी तेच शिकवत आलो. स्वतःच्या कामाला कधी विचारलं नाही."

गजाननभाऊ गोंधळून गेले. कोण्या प्राध्यापकाने त्यांच्यापुढे असे बोललेले त्यांनी ऐकले नसावे. "आता काय करता मंग?" त्यांनी विचारले.

"दुरुस्त करतो."

दुरुस्ती लहान होती. नियम एकदाच, सुरुवातीला वाचायचे आणि स्मरणात ठेवायचे. मी टाइप केले, सरांनी ऐकून तपासले. उशीर पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. मला वाटले, एवढे पुरे. सरांना पुरे वाटले नाही. त्यांनी पुन्हा प्रोफायलर लावला, आणि या वेळी सारणीत ठळक असे काहीच दिसेना. मी चक्रावले. सर म्हणाले, "म्हणजे तो काम करतच नाही. कशाची तरी वाट पाहत थांबला आहे. कुठं थांबला ते विचारू." तसे विचारण्याचीही सोय असते. आवाजाचा पुरेसा साठा झाल्याशिवाय तो बाहेर सोडायचा नाही असे त्या प्रोग्राममध्ये ठरलेले होते, आणि एका अक्षराचा साठा तो कितीसा असणार! तेवढी अट आम्ही सैल केली.

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ येऊन बसले. त्यांनी क दाबला. बोट उचलण्याआधी आवाज आला, 'क'. ते दचकले. पुन्हा दाबला. मग एकाग्र होऊन, मान खाली घालून टाइप करू लागले. व, मग ण, मग त्याची वेलांटी. वणी. मग मारेगाव. मग करंजी. ज्या रस्त्याने ते इतकी वर्षे ट्रक घेऊन जात त्या रस्त्यावरची गावे ते एकामागून एक लिहीत होते आणि वाणी प्रत्येक गावाचे नाव त्यांच्या बोटाखाली सांगत होती. शेवटी भाऊंनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "सारी गावं जागच्या जागी हायेत, सर." सर उठून बाहेर गेले. त्यांना एवढ्या घाईने चालताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सर माझ्याबरोबर एसटीने वणीला आले. गरज नव्हती, पण आले. सुधारलेली वाणी मी तिथल्या कॉम्प्युटरवर बसवून दिली, आणि मग कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसून होतो. समोरून ट्रक जात होते आणि सगळ्यांवर कोळशाची धूळ बसत होती. मी आत डोकावून येते म्हटले तर त्यांनी हात धरून खाली बसवले. "त्यांचं काम त्यांना करू दे." बऱ्याच वेळाने गजाननभाऊ काठी टेकत बाहेर आले. "इंग्रजीत चुका झाल्या दोन-चार. मराठीत एक बी नाही," म्हणाले. सरांनी अभिनंदन केलेच नाही, आधी विचारले, "अडलं का कुठं?"

"नाही जी. त्याइचा माऊस मधीमधी हाताले लागे, तो बाजूले ठेवून देला."

गजाननभाऊ आज त्या कार्यालयात नोकरीला आहेत. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने सोडायची, हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येते. सुधारलेली वाणी सरांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. आपल्या जुन्या भागात काय चुकले होते, ते त्यांनी त्यासोबत स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवले आहे. पुढच्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून.

सरांच्या आपुलकीबद्दल लिहायचे तर या ग्रंथात अनेकांना अनेक गोष्टी आठवतील. मी एकच सांगते. माझ्या बाबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. त्यांना सगळे समजत होते, पण बोलता येत नव्हते. भेटायला येणारे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल आमच्याशीच बोलत. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एका रविवारी सर आणि सुमनताई कळंबला घरी आले. सरांनी आमच्याशी दोन शब्द बोलून खुर्ची बाबांच्या खाटेला लावून घेतली. म्हणाले, "काका, मला दिसत नाही आणि तुम्हाला बोलता येत नाही. तुम्ही खाटेच्या दांडीवर बोट वाजवा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जमेल?" बाबांनी एकदा वाजवले. मग सरांनी त्या वर्षीच्या तुरीचे विचारले, गावच्या चिंतामणीच्या जत्रेचे विचारले, मी लहानपणी हट्टी होते का ते विचारले. त्यावर बाबांनी इतक्या जोरात बोट वाजवले की स्वयंपाकघरात आई आणि सुमनताई दोघी हसू लागल्या. आजारपणानंतर बाबांशी कोणी गप्पा मारल्या होत्या त्या पहिल्यांदाच. बाबा पुढच्या वर्षी गेले. ती दांडीवरची टकटक घरात शेवटपर्यंत चालू होती.

सरांना यंदा साठावे वर्ष पूर्ण होत आहे आणि ते सेवानिवृत्त होत आहेत. निवृत्त होऊन काय करणार, असे त्यांना कोणी विचारत नाही, कारण ते काम आधीच सुरू झाले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या वस्त्यांमध्ये कोलामी बोलणारी माणसे आहेत. त्यांच्या भाषेत बोलणारी वाणी असावी म्हणून सर एका कोलाम शिक्षिकेबरोबर खपत आहेत. शिक्षिका उच्चार करून दाखवतात, सर ऐकतात, पुन्हा म्हणायला लावतात, आणि आम्ही नियम लिहितो.

गेल्या महिन्यात ती वाणी आम्ही प्रथमच एका वस्तीवर नेली. शिक्षिकेच्या आजी अंगणात बसल्या होत्या. वयोमानाने त्यांची दृष्टी गेलेली, आणि कोलामीशिवाय दुसरी भाषा त्यांना येत नाही. वाणीने आपली पहिली दोन-तीन वाक्ये म्हटली. आजी नीट कान देऊन ऐकत होत्या. मग त्या आवाजाच्या दिशेने वळल्या आणि त्यालाच काहीतरी विचारले. अंगणातली माणसे हसली. सरांनी विचारले, "काय म्हणाल्या?"

शिक्षिका म्हणाल्या, "त्या तिलाच विचारतात, तू कोणाच्या घरची?"

सर हसले नाहीत. हात जोडून, जिथून आजींचा आवाज आला त्या दिशेने जरासे वाकले. "त्यांना सांगा, तुमच्याच घरची आहे. आत्ताच बोलायला शिकली आहे. काही चुकलं तर रागवा तिला."

आजींनी मग तिला रागावायला सुरुवात केली. एकेक शब्द त्या स्वतः म्हणून दाखवत होत्या, आणि सर जमिनीवर मांडी घालून बसून ते मन लावून ऐकत होते.

सर, तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या वतीने मी एवढेच मागते. तुमची प्रकृती ठणठणीत राहो. सुमनताईंसोबतच्या तुमच्या रोजच्या चालण्याच्या फेऱ्यांत कधी खंड न पडो. तुमचे कान असेच जागे राहोत, आणि अशा अनेक अंगणांत बसून तुम्हाला शिकायला भरपूर वर्षे मिळोत.